घडीची रेघ: जुन्या सिनेपोस्टरांकडे पाहताना

आज पडद्यावर सुरुवातीलाच दोन चित्रं लावली आहेत. दोन्ही ‘जॉज’ची, म्हणजे १९७५ सालच्या स्पीलबर्गच्या शार्कपटाच्या पोस्टरची. खालून वर झेपावणारा तो जबडा, वर पोहणारी बाई, त्याहून वर लाल अक्षरांत नाव. रॉजर कॅस्टेल या चित्रकारानं काढलेलं हे चित्र न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. डावीकडचं चित्र हल्लीच्या चकचकीत पोस्टर-पुस्तकांत असतं तसं, एकदम गुळगुळीत. उजवीकडे त्या वर्षी थिएटरला गेलेला कागद जसाच्या तसा. त्याच्यावर तीन आडव्या रेघा आहेत आणि एक उभी. उभी रेघ शार्कच्या नाकावरून खाली जाते आणि वर शीर्षकाची चार अक्षरं साधारण दोन-दोन अशी वाटून देते.

यातलं खरं पोस्टर कोणतं, असं विचारलं की बहुतेक लोक डावीकडे बोट दाखवतात. उजवीकडचं ‘खराब झालेलं’ आहे म्हणतात. आमचं भांडण या ‘खराब’ शब्दाशी आहे. पुढचा पाऊण तास तेच.

आधी ही घडी आली कुठून ते पाहू. अमेरिकेतलं नेहमीचं पोस्टर, ज्याला तिकडे ‘वन-शीट’ म्हणतात, ते २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच. एवढा कागद पोस्टानं किंवा मोटारीनं गावोगाव पाठवायचा म्हणजे त्याचं काहीतरी करायलाच हवं. मग तीन आडव्या घड्या, एक उभी. आठ चौकटी झाल्या. घडी केलेला गठ्ठा सव्वा दहा इंच बाय साडेतेरा इंच, म्हणजे मोठ्या पाकिटात बसेल, फळीवर उभा राहील, पुठ्ठ्याच्या खोक्यात शेकड्यानं भरता येईल असा. पहिली घडी चित्र आत ठेवून घातली की पुढे कितीही घड्या घाला, चित्र आतच राहतं. बाहेर येते ती कोरी पाठ. त्या पाठीवर सिनेमाचं नाव आणि क्रमांक यांचा शिक्का. गोदामातल्या माणसाला पोस्टर उघडायची गरज पडू नये, एवढ्यासाठी ही सोय. घरी कागदाची घडी घालून पाहा, ही व्यवस्था किती शहाणी आहे ते हाताला कळेल.

हे सगळं एका संस्थेच्या हाती होतं, नॅशनल स्क्रीन सर्व्हिस. १९२० मध्ये सुरू झाली ती सिनेमांचे ट्रेलर पुरवण्यासाठी. १९४० पासून एकेक मोठा स्टुडिओ पोस्टरांचं वाटपही तिच्याकडे सोपवत गेला. त्याआधी स्टुडिओ ते काम आपापल्या वितरण-कचेऱ्यांतून करत. या संस्थेनं क्रमांकाची पद्धत आणली. पोस्टरच्या तळाशी, कडेच्या पांढऱ्या पट्टीत, बारीक आकडा दिसतो. पहिले दोन अंक साल, मग तिरकी रेघ, मग त्या वर्षातला अनुक्रम. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’चा आकडा ५८ नं सुरू होतो, कारण तो १९५८ चा. सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला असेल तर आधी ‘आर’ हे अक्षर. आज संग्राहक ज्या आकड्यावरून मूळ प्रत ओळखतात, तो मुळात फळीवरचा माल शोधायचा आकडा होता. धान्याच्या पोत्यावर असतो तसा.

आणि आणखी एक गोष्ट, जी पोस्टरच्या इतिहासावरच्या गप्पांत हमखास गाळली जाते. थिएटरवाला हे पोस्टर बहुधा भाड्यानं आणत असे. सिनेमा उतरला की पोस्टर परत. परत आलेलं पोस्टर पुन्हा त्याच मोडांवर घडी होऊन पुढच्या गावी. म्हणजे एकच कागद किती वेळा उघडला गेला, किती वेळा मिटला, चार कोपऱ्यांना किती टाचण्या बसल्या, ते त्या कागदावरच वाचायला मिळतं. भिंतीवर मिरवायची वस्तू ती नंतर झाली. आधी ती खुर्च्यांसारखी, रिळांच्या डब्यांसारखी थिएटरच्या वापरातली वस्तू होती.

सगळंच काही दुमडलं जात नसे, हेही सांगून टाकतो. लॉबी-कार्डं, ११ बाय १४ इंचांची, जाड पुठ्ठ्यावजा कागदावर असत. ती सपाटच जात. ४१ बाय ८१ इंचांचं ‘थ्री-शीट’ दोन-तीन तुकड्यांत छापून येई आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःच्या घड्या. रस्त्याकडेच्या फलकावरचं ‘ट्वेंटी-फोर-शीट’ तर घरभर मोठं. पण तिथे घडीचा प्रश्नच उरत नसे. खळीत भिजवून भिंतीला चिकटवलं, वरून ब्रश फिरवला की मोड जिरून जातो. वन-शीट मात्र काचेच्या पेटीत टाचण्यांवर लटके. त्याच्या घड्या दिसत. तुम्ही १९५८ साली अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावी थिएटरबाहेर उभे असता, तर ‘व्हर्टिगो’चं ते केशरी पोस्टर तुम्हाला रेघांसहितच दिसलं असतं. आठ चौकटींचं. गुळगुळीत पोस्टर त्या प्रेक्षकानं पाहिलंच नाही. ते आजच्या पुस्तकांनी तयार केलं आहे.

आता समीक्षेकडे. पोस्टरवर लिहिणारे लोक रचनेबद्दल बोलतात, रंगांबद्दल, अक्षरांबद्दल. सॉल बासनं ‘व्हर्टिगो’त भोवरा कसा मधोमध फिरवला, त्यात काळ्या आकृतीचा माणूस कसा कोसळतो, यावर पानंच्या पानं आहेत. वाचतो आम्ही ती, आवडीनं वाचतो. पण त्या पानांतला कागद नेहमी अमूर्त असतो. वन-शीटच्या घड्यांचं गणित बघा. आडव्या तीन रेघा, उभी एक, म्हणजे रेघा एकमेकींना छेदतात अशा जागा तीन. तिन्ही बरोबर मधल्या उभ्या अक्षावर. कागद सगळ्यात आधी फाटतो तो याच फुल्यांवर. आणि अमेरिकन पोस्टरचा चित्रकार सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठे ठेवतो? त्याच अक्षावर. भोवरा तिथे, शार्क तिथे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’चं टॉम जंगनं काढलेलं पोस्टर आठवा. ल्यूकनं दोन्ही हातांनी उंच धरलेली ती प्रकाशाची तलवार, तीही तिथेच.

यावर एक छान सिद्धांत मांडायचा मोह होतो. जाणते चित्रकार घडीचा विचार करून चेहरे रेघेपासून दूर ठेवत असणार, असं काहीसं. ऐकायला सुरेख. पण पोस्टरं समोर ठेवून पाहिलं तर त्याला आधार मिळत नाही. नायकाच्या गालावरून, नायिकेच्या डोळ्यांतून घडी गेलेली पोस्टरं ढिगानं आहेत. चित्रकार बोर्डावर काम करत होता, मालाचं पुढे काय होतं ते शिपिंगवाल्याचं खातं. आणि या दोन खात्यांत संवाद नव्हता म्हणूनच पोस्टर आम्हाला जास्त रंजक वाटतं. एका हातानं चित्र काढलं, दुसऱ्या हातानं त्याच्यावर चार रेघा मारल्या. दुसऱ्या हाताला चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्या दोघांचं मिळून जे झालं ते पोस्टर. फक्त पहिल्या हाताबद्दल बोलणारी समीक्षा अर्ध्या वस्तूची समीक्षा आहे.

बरं, आता दुसरी बाजू. घडी म्हणजे कागदाला इजा, हे खरंच आहे. जुन्या पोस्टरचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यात आम्ल असतं. वर्षं जातील तसा तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. मोडावर तंतू तुटतात, शाई पापुद्र्यानं निघते, फुलीवर भोक पडतं. आपल्या घरातल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली तर ती घडीवर विरते, म्हणून आजी वर्षातून एकदा ती उलगडून वेगळी घडी घालून ठेवायची. जर असेल तिथे तर हमखास तुटतं. पोस्टरच्या नशिबी ही आजी नव्हती. तो कागद नेहमी त्याच रेघांवर मिटला गेला.

म्हणून दुरुस्ती आली. सर्वात प्रचलित पद्धत कापडावर चढवण्याची. पोस्टर धुऊन त्यातलं आम्ल कमी करायचं, ताणलेल्या कापडावर आधी पातळ जपानी कागद, त्यावर गव्हाच्या पिठाच्या खळीनं पोस्टर. वाळलं की सपाट होतं, मोड दबतात. खळ पाण्यानं सुटणारी, त्यामुळे पुढे कधी काढायचं म्हटलं तर काढता येतं. इथपर्यंत आमची काहीच तक्रार नाही. फाटायला आलेल्या कागदाला आधार दिलाच पाहिजे. तक्रार पुढच्या पायरीला आहे. घडीच्या रेघेवर रंग भरायचा, कधी पेन्सिलीनं, कधी हवेच्या फवाऱ्यानं, आणि रेघ नाहीशी करायची. लिलावाच्या यादीत मग लिहायचं, ‘घड्या दुरुस्त केल्या’. जणू घडी हा आजार होता आणि पोस्टर आता बरं झालं.

यात काय जातं? एक तर पाठ जाते. कापडाला चिकटलेली पाठ पुन्हा दिसत नाही. तिच्यावरचा शिक्का, क्रमांक, कुणा थिएटरवाल्यानं पेन्सिलीनं टाकलेली तारीख, सगळं खळीखाली. पोस्टर कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेलं याचा एकमेव कागदोपत्री पुरावा आपण आपल्याच हातानं पुरतो, आणि त्याला जतन म्हणतो. चांगले कारागीर चढवण्याआधी पाठीचा फोटो काढून ठेवतात. सगळेच ठेवतात असं नाही.

दुसरं म्हणजे बाजाराची भाषा बदलते आणि तिच्यामागे आपली नजर बदलते. सत्तरच्या दशकातल्या काही सिनेमांची काही पोस्टरं घडी न घालता, भेंडोळं करून बाहेर पडली. त्यांना आज जास्त पैसे मिळतात. थोडं थांबून विचार करा. घडी नाही म्हणजे ते बहुधा नेहमीच्या वाटेनं थिएटरला गेलंच नाही. कुणाच्या तरी कपाटात, कचेरीत पडून राहिलं. ज्या पोस्टरनं आपलं काम केलंच नाही ते अव्वल, आणि ज्यानं गावोगाव हिंडून तिकिटं विकली ते दुय्यम. मराठीत नव्या साडीची ‘घडी मोडली’ म्हणजे ती पहिल्यांदा नेसली. घडी न मोडलेल्या साडीचं कौतुक दुकानदाराला असतं. घरात कौतुक नेसलेल्या साडीचं असतं.

पैशांचा आकडा सांगितल्याशिवाय या विषयाचं वजन कळत नाही. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चं एक वन-शीट २०१७ मध्ये अमेरिकेत लिलावात ५ लाख २५ हजार ८०० डॉलरना गेलं. तीसच्या दशकातली अशी पोस्टरं इतकी दुर्मीळ का, याचं उत्तर पुन्हा वापरातच आहे. ती भाड्याची होती, परत जायची, झिजली की टाकून द्यायची. आणि दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गठ्ठेच्या गठ्ठे गेले. उरली ती योगायोगानं. पेनसिल्व्हेनियातल्या बर्विक या गावाजवळ एका माळ्यावर ३३ पोस्टरांचा जाडजूड थर सापडला होता. कुणीतरी ती भिंतीच्या कागदाच्या खळीनं एकावर एक चिकटवलेली. ती वाफेनं सुटी केली, २०१२ मध्ये विकली, सगळी मिळून पाच लाख डॉलरच्या आसपास मिळाले. चिकटवलं म्हणून वाचलं. आजचा संग्राहक ज्याला गुन्हा म्हणेल त्या कृतीनंच त्या कागदांना ऐंशी वर्षं सांभाळलं.

आता आमच्या विरोधात जाणारा मुद्दा आम्हीच मांडतो, कारण प्रश्नोत्तरांत कुणीतरी मांडणारच. तुम्ही घडीचं स्तोम माजवताय, झिजलेपणाचा शौक करताय, असं म्हणता येईल. यात तथ्य आहे. घडी असली म्हणजे पोस्टर अस्सल, असंही नाही. नक्कल करणारे नव्या कागदालाही घड्या घालतात, चहाचं पाणी फासतात. त्याहून गमतीची नक्कल दुसरी. मूळ घडीचं पोस्टर स्कॅन करून छापलेलं असतं, त्यात घडीच्या रेघा चित्रातच छापून येतात. बोट फिरवावं तर कागद सपाट. घडीचं चित्र आहे, घडी नाही. अशी पोस्टरं कॅफेच्या भिंतींवर तुम्ही पाहिली असतील. म्हणजे पाहा, एकीकडे खऱ्या घड्या रंगानं पुसतो आहोत आणि दुसरीकडे खोट्या घड्या शाईनं छापतो आहोत. आमचं म्हणणं घडी पवित्र आहे असं नाहीच. ती वाचावी एवढंच. फुलीवर कागद झिजलाय का, मोड कोणत्या बाजूला वळलाय, पाठीवर काय आहे. हे वाचता आलं की अस्सल-नक्कल हा प्रश्नही अर्धा सुटतो.

घडी गेली कशी, हे थोडक्यात. ऐंशीच्या दशकात ती गेली. कागद बदलला, चिकणमातीचा लेप दिलेला चकचकीत कागद आला, त्याच्यावर मोड फार वाईट दिसतो, लेपच तडकतो. नॅशनल स्क्रीन सर्व्हिसची पकड सुटली, स्टुडिओ स्वतः नळकांड्यांत पोस्टरं पाठवू लागले. पुढे मल्टिप्लेक्समध्ये मागून उजेड टाकणाऱ्या पेट्या आल्या. त्यांच्यासाठी कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई सुरू झाली, म्हणजे उजेडात रंग भरदार दिसावेत. अशा पेटीत घडीची रेघ म्हणजे प्रकाशाची चीरच. आकारही ४१ वरून ४० इंचांवर आला. तेव्हापासूनच्या पोस्टरांबद्दल आज आम्ही काही बोलत नाही, ती सरळ आहेत आणि आम्हाला थोडी कंटाळवाणी वाटतात.

आपल्याकडे काय? आपलं हिंदी-मराठी पोस्टर साधारण ३० बाय ४० इंचांचं, उभं. ब्रिटिश ‘क्वाड’चं माप तेच, फक्त ते आडवं. दोन्हीकडे घड्याच. मुंबईत चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जुन्या पोस्टरांचे गठ्ठे पाहिलेत का? घडी केलेल्या वर्तमानपत्रासारखे. दुकानदार एकेक उलगडून दाखवतो, तेव्हा जो करकर आवाज होतो तो ऐकून आमच्या पोटात गोळा येतो, तरी आम्ही ‘अजून एक दाखवा’ म्हणतो. पण इथला धोका वेगळा. आपल्याकडे कापडावर चढवणारे कारागीर थोडे, आणि लॅमिनेशनची दुकानं गल्लोगल्ली. घरातल्या जुन्या वस्तूचं प्रेम वाटलं की माणूस ती लॅमिनेट करून आणतो. गरम प्लास्टिक एकदा कागदाला बसलं की सुटत नाही. आत आम्ल तसंच, पाठ बंद, आणि घडीच्या जागी प्लास्टिकखाली हवेचे फुगे. आमच्या ओळखीत एकानं वडिलांनी जपलेलं एका जुन्या मराठी चित्रपटाचं पोस्टर आधी इस्त्रीनं सपाट केलं आणि मग लॅमिनेट करून फ्रेममध्ये बसवलं. हेतू चांगला होता. पाठीवर टूरिंग टॉकीजचा शिक्का होता म्हणे. कोणत्या गावचा, ते आता त्यालाही आठवत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे १९६४ पासून आहे, पोस्टरंही जपली जातात. तिथे किंवा कुठल्याही प्रदर्शनात गेलात तर एक करा. पोस्टर फ्रेममध्ये असेल तर पाठ दिसणार नाही, हरकत नाही. थोडं बाजूनं, तिरप्या उजेडात पाहा. समोरून न दिसणाऱ्या रेघा बाजूनं दिसतात. त्या मोजा. तीन आडव्या, एक उभी, यापेक्षा जास्त असतील तर ते पोस्टर कुणीतरी लहान पाकिटात घालण्यासाठी आणखी एकदा दुमडलंय. कमी असतील, तर माप कापलेलं नाही ना ते पाहा. आणि शेजारच्या पाटीवर चित्रकाराचं नाव, साल, मुद्रणालय असं सगळं असेल. घडीबद्दल एक शब्द तरी आहे का, तेही पाहा.

पडद्यावरचं उजवीकडचं ‘जॉज’ पुन्हा एकदा मोठं करून दाखवतो. मधल्या फुलीपाशी बघा, तिथली शाई गेली आहे आणि आतला पांढरा कागद दिसतो आहे. चला, तुमचे प्रश्न घेऊ या.